सव्वातीन मिनिटं

११ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी सव्वाबाराला आमच्या चार्जरच्या कारखान्यात तिसऱ्या लाइनवरची मुथुलक्ष्मी उभ्या उभ्या कोसळली. मनगटाची स्थिर वीज उतरवणारी पट्टी तारेने टेबलाला जोडलेली, त्यामुळे ती खाली आणि एक हात वर अडकलेला. लाइन लीडर धावत आली. तिचं पहिलं वाक्य: "चौदा नंबरवर कुणीतरी उभं राहा." चौदा नंबर म्हणजे मुथूची जागा. मुथू अजून जमिनीवरच होती.

अंग तव्यासारखं तापलेलं. प्रथमोपचाराच्या खोलीत सिस्टरने मोठ्या बरणीतली पांढरी गोळी काढून दिली. बरणीवर नाव नाही. विचारलं, कसली गोळी? "ताप-दुखीची, मॅडम. सगळ्यांना हीच." डोकं दुखो, पाळी येवो, ताप असो, हीच. चार दिवस मुथू तिथून हीच गोळी घेऊन जात होती, वहीत नोंद आहे. चारही वेळा पुढे एकच शब्द: अशक्तपणा.

मी म्हटलं, दवाखान्यात न्या. तर आधी एजन्सीला कळवावं लागतं म्हणे, कारण मुली कंपनीच्या नाहीत, कंत्राटी एजन्सीच्या. कंपनीच्या व्हॅनने तिला हॉस्टेलला सोडून दिलं.

मग मी वर येऊन तक्ता भरला. लाइन एकोणीस मिनिटं बंद. किती मिनिटं आणि का, हे लिहिणं माझंच काम, कामाच्या वेळा मोजणारी इंजिनिअर मी. 'का'च्या रकान्यात 'ऑपरेटर' लिहिलं. लिहिताना लाज वाटली, तरी लिहिलं.

१२ फेब्रु., बुध.
हॉस्टेलच्या मुलींनी सकाळी मुथूला शेअर ऑटोत घालून सरकारी इस्पितळात नेलं. लघवीचा संसर्ग, मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टरणीने मुलींनाच झापलं म्हणे, तुम्ही सगळ्या किती किती तास धरून ठेवता?  

संध्याकाळी कमलाबाईंना सांगितलं. या माझ्या घरमालकीण, तंजावरच्या मराठी, सरकारी बायकांच्या इस्पितळात तीस-बत्तीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती वेळ सोडतां तुम्ही त्यांना?"

सांगितलं. आठ तासांच्या पाळीत संडासला दोनदा. एका वेळी सव्वातीन मिनिटं. लाइनला चाळीस मुली आणि लाल पाटी एकच. ती गळ्यात अडकवून जायचं, परत येऊन खुंटीला लावायची, मग पुढची. सव्वातीनच्या वर गेलं की फलकावर तिच्या नंबरासमोर लाल दिवा.

"अय्यो. चाळीस मुलींना एक पाटी? आणि हें सव्वातीन कोण्या शहाण्यानें ठरवलें?"

मी म्हटलं, मी.

कमलाबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी पुढची शेंग उचलली.

१४ फेब्रु., शुक्र.
सेंथिल सरांनी केबिनमध्ये बोलावलं. माझे वरिष्ठ. मृदू बोलणारे, रोज कपाळाला विभूती, कुणावर आवाज चढवल्याचं आठवत नाही. पुढे एक अहवाल ठेवला. आजाराचं कारण: "वैयक्तिक सवय. पाणी कमी पिणे." खाली एक ओळ: विश्रांतीची वेळ शास्त्रीय अभ्यासानुसार पुरेशी आहे. त्याखाली माझ्या सहीची जागा.

"अभ्यास तुमचाच आहे, अश्विनी. फक्त सही हवी."

सही झाली की प्रकरण बंद. मग सलग तीस दिवस गैरहजर म्हणून एजन्सी मुथूचं नाव कमी करायला मोकळी. सही झाली नाही, तर हे कामावरचं आजारपण, चौकशी उघडी, आणि चौकशी उघडी असेपर्यंत नाव काढता येत नाही. सरांनी हे सगळं स्वतःच समजावून सांगितलं. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूची आहे. का नाही वाटणार? पाच वर्षं होतेच की.

"सोमवारी देते" म्हटलं आणि उठले. पाणी कमी पिणे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर हिने तोंड का मिटलं म्हणून अहवाल.

१६ फेब्रु., रवि.
इस्पितळ. कमलाबाई बरोबर आल्या, माझं तमिळ मोडकं म्हणून. एका खाटेवर दोन रुग्ण. मुथू भिंतीकडच्या अर्ध्यात. वय बावीस, दिसते सोळाची. हाताला सलाइन. मला बघून उठायला लागली. मॅडम आल्या म्हणून! मी खांदे धरून परत निजवलं.

पाणी का पीत नव्हतीस, विचारलं. हसली. "तण्णी कुडिच्चा पोगणुम, मॅडम." पाणी प्यायलं की जावं लागतं. किती साधा हिशोब. सकाळी साडेपाचला हॉस्टेलमध्ये एक पेला, मग बस, मग पाळी, मग परत बस, मग हॉस्टेलच्या संडासाची रांग. पाळीच्या दिवसांत तर तो एक पेलाही नाही.

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. उद्या मलाच खोटं वाटायला लागेल.

दोन वर्षांपूर्वी मी तो अभ्यास केला. कपडे बदलायच्या जागेपाशी स्टॉपवॉच घेऊन तीन दिवस उभी होते. पाटी गळ्यात घातली की सुरू, खुंटीला लावली की बंद. मुथू म्हणाली, लीडरने आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, वरच्या मॅडम बघायला येणार आहेत, लाइनचं नाव घालवू नका. म्हणून मुली पळाल्या. जाताना, येताना. आणि अर्ध्याअधिक तर गेल्याच नाहीत. दारापर्यंत जाऊन, हात धुऊन परत आल्या. बाहेर एक बाई घड्याळ घेऊन उभी आहे हे माहीत असताना आत बसायची लाज वाटली म्हणाली.

"मी तीन दिवसांत एकदाही गेले नाही. तुम्ही मला चॉकलेट दिलंत."

दिलं होतं. आठवतंय. सगळ्यात चपळ म्हणून आदर्श ऑपरेटर तिलाच धरली होती. अहवालात तिचा नंबरही आहे.

म्हणजे माझी सरासरी न गेलेल्या मुलींची आहे. त्यावर दोन वर्षं चाळीस-चाळीस मुली, तीन पाळ्या, सगळ्या लाइन. आणि एकीनेही तक्रार केली नाही. मला वाटत होतं वेळ पुरतेय म्हणून करत नाहीत.

तिथून बाहेर पडल्यावर फाटकाशी कमलाबाई म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजांत घड्याळ शिकवलें, माणूस नाही शिकवलें की?" त्यांच्यावर राग आला. मग कळलं, राग त्यांच्यावर नाही.

१७ फेब्रु., सोम.
सही दिली नाही. "डेटा पुन्हा तपासतेय" म्हटलं. सर हसले. "किती दिवस?" मी म्हटलं, बघते. भित्री! सरळ नाही म्हणायला काय झालं होतं?

दुपारी माझ्या टेबलापासून वरच्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहापर्यंत पावलं मोजली. बावीस. आत वास येतो तो लिंबाचा. टेबलावर माझी लिटरभराची स्टीलची बाटली. गेल्या वर्षी मलाच लघवीला जळजळ सुरू झाली होती, तेव्हा घराजवळच्या खासगी दवाखान्यात गेले, विम्याचं कार्ड दाखवलं, तासाभरात सोनोग्राफी, गोळ्या, डॉक्टरांचा सल्ला: दिवसाला तीन लिटर पाणी. आल्यावर ही बाटली घेतली. तोच आजार, तीच इमारत. मधे फक्त एक जिना.

२० फेब्रु., गुरु.
आईचा फोन. काय गं, आवाज असा का? सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, आम्ही तरी काय करत होतो?"

आई जि. प.च्या शाळेत शिक्षिका. सत्तावीस वर्षं. मुलांना मुतारी होती, मुलींना आणि बाईंना नव्हती. सकाळी साडेनऊला निघताना शेवटचं पाणी, संध्याकाळी साडेपाचला घरी आल्या आल्या चप्पल न काढता मोरीत. आम्ही हसायचो तिला. बाबा म्हणायचे, तुझी आई उंट आहे. आणि ती ते मिरवायची, "मला बाई तहानच लागत नाही." पुढे दोनदा मुतखडा. तेव्हाही घरात सगळे म्हणाले, पाणीच पीत नाही, मग होणारच.

तिच्या पोटची मी. मला कुणी काही वेगळं सांगायलाच नको होतं. तरी घड्याळ घेऊन उभी राहिले आणि आकडा कमी आला म्हणून खूश झाले.

आई शेवटी म्हणाली, "नोकरी सांभाळून काय ते कर हो." चिडून फोन ठेवला. मग परत लावला.

२४ फेब्रु., सोम.
आज चौदा नंबरवर मी उभी राहिले. सरांना सांगितलं, डेटा तपासायचा तर लाइनवरूनच. त्यांना ते आवडलं, 'समर्पण' वगैरे म्हणाले. मुद्दाम आजचा दिवस घेतला, पाळीचा दुसरा.

सहा ते दोन. कोट, टोपी, पायांवर पिशव्या, मनगटाची पट्टी. चार्जरचा सर्किट बोर्ड येतो, दोन तारा बसवायच्या, पुढे. साडेआठपर्यंत कंबर गेली. नऊला हात वर केला. पाटी दुसरीच्या गळ्यात. मग तिसरीच्या. मला मिळाली नऊ चाळीसला. लाल, हातभर लांब दोरी, त्यावर लाइनचा नंबर. ती घालून चाळीस जणींसमोरून आणि चार पुरुष सुपरवायझरांसमोरून चालत जायचं. सगळ्यांना कळतं कोण चाललंय, आणि कितव्यांदा.

पट्टी सोडली. कोट, टोपी, पिशव्या काढल्या. चप्पल. मग चालायचं, कारण ही इमारत आधी गोदाम होती आणि संडास कॅन्टीनच्या पलीकडे आहेत; मधे भिंत नाही, लाइनवरून फक्त बाहेरचं दार दिसतं. सहापैकी दोन बंद. रांगेत तिघी, शेजारच्या लाइनीच्या. आत बादली नाही. वापरलेलं टाकायला डबा नाही, कागदात गुंडाळून हातात घेऊन बाहेरच्या पिंपापर्यंत. साबण संपलेला. परत तेवढंच चालणं, परत सगळं अंगावर.

स्टॉपवॉच नेलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं गेली होती. माझ्या नंबरासमोर लाल दिवा. शेजारची जया, पंधरा नंबरवाली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुपर, मॅडम." टोमणा होता की शाबासकी, तमिळ कमी येतं म्हणून कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्यानंतर दोनपर्यंत मी पाणी प्यायले नाही. ठरवून नाही. पाणी मागावंसं वाटलंच नाही. चार तासांत शिकले!

२६ फेब्रु., बुध. (महाशिवरात्र, सुट्टी नाही)
लिहून दिलं. एक पान. माझा अभ्यास चुकीचा आहे. ऑपरेटर सामान्य गतीने काम करत नव्हते, अनेक ऑपरेटर प्रत्यक्षात गेलेच नव्हते, मी ते पाहिलं नाही. सव्वातीन मिनिटं हा आकडा रद्द धरावा. आजाराचं कारण वैयक्तिक सवय नाही. खाली सही. अहवालावर नाही केली, इथे केली.

से. सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "तुम्ही लेखी देताय की तुम्हाला तुमचं काम येत नाही?"

"हो सर. हे काम मला आलं नाही."

"तुमचं वार्षिक मूल्यमापन मार्चमध्ये आहे."

"माहीत आहे."

पान फाइलला लावलं. नंतर म्हणाले, त्यांच्या मुलीने परवाच नोकरी सोडली, बाळ लहान म्हणून. हे मला का सांगितलं, माहीत नाही. बाहेर आले. जिन्यात उभी राहून सगळ्यांना शिव्या दिल्या, मराठीत, मोठ्याने. इथे कुणाला कळत नाही हा एक फायदा.

२ मार्च, रवि.
मुथू हॉस्टेलवर परतली. भेटायला गेले, इडल्या घेऊन, कमलाबाईही बरोबर. तिची आई गावाहून आलेली, तिरुवण्णामलैच्या बाजूचं गाव. आईला मुलगी घरी न्यायची आहे. मुथू मान हलवते, नाही. घरी गेलं की मामा तयार आहे. इकडे सख्ख्या मामाशी लग्न लावतात. मामा अडतीसचा, ट्रॅक्टर आहे, वाईट नाही म्हणते आई. मुथूला दहावीनंतर हीच एक वाट सापडली होती, कंपनीची बस.

"मॅडम, नाव राहील ना?"

 १३ तारखेला तीस दिवस भरतात. चौकशी उघडी धरली की नाही, याचं अजून वरून उत्तर नाही. मी म्हटलं, राहील. मग वाटलं, कुणाच्या जोरावर म्हटलं?

तिची आई माझ्याकडे बघत होती. कमलाबाईंनी नंतर सांगितलं, ती विचारत होती, घड्याळवाली हीच का.

८ मार्च, शनि.
महिला दिन. दाराशी रांगोळी, फुगे, प्रत्येकीला गुलाबाचं फूल आणि गुलाबी बाटली. बाटलीवर छापलंय: पाणी प्या, निरोगी राहा. व्यवस्थापनाने 'घटनेची गंभीर दखल' घेतली ती अशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि रामेश्वर तर इथून लांबही नाही.

लाइनवर बाटली न्यायला परवानगी नाही. विजेच्या वस्तू, पाणी सांडलं तर? बाटल्या लॉकरमध्ये. लॉकर कॅन्टीनच्या पलीकडे, संडासाशेजारी. म्हणजे पाणी प्यायलाही पाटी हवी.

व्यासपीठावरून एका पाहुण्या बाईंनी भाषण केलं, स्त्री ही शक्ती वगैरे. समोर सकाळच्या पाळीच्या मुली बसवल्या होत्या. तासभर कार्यक्रम. तो तास भरून काढायला पाळी तासभर लांबवली, आणि त्यात पाटी बंद. मी माझी गुलाबी बाटली से. सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, मला वर सोय आहे, बावीस पावलांवर. त्यांनी ती बाजूला सरकवली.

११ मार्च, मंगळ.
उत्तर आलं. माझा अभ्यास 'शंकास्पद', म्हणून नवा अभ्यास होईल, तो मी करायचा नाही. दुसऱ्या प्लांटमधून कोइंबतूरचे एक ज्येष्ठ इंजिनिअर येणार. २० तारखेला. तोपर्यंत सव्वातीन मिनिटं कायम आणि आजाराची चौकशी स्थगित, म्हणजे उघडी धरायची नाही. आणि मुथूचं नाव? 'एजन्सीचा अंतर्गत विषय.'

१३ ला नाव जाणार आणि २० ला अभ्यास! किती सोयीचं. 

घरी येऊन कमलाबाईंसमोर रडले. रागाने रडू येतं मला, लहानपणापासून. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "आमच्या वॉर्डांत मोठे डॉक्टर ऐकत नसत. मग आम्ही त्यांचेंच पुस्तक उघडून त्यांच्यापुढें ठेवीत होतों. तुझें पुस्तक काय म्हणतें?"

माझं पुस्तक.

१२ मार्च, बुध.
पुस्तक म्हणतं: आधीच्या अभ्यासाची फेरतपासणी करायची तर त्याच जागी, त्याच कामावर, त्याच आदर्श ऑपरेटरवर. नाहीतर तुलना ग्राह्य नाही. कंपनीच्याच नियमपुस्तिकेत, ठळक अक्षरांत. आदर्श ऑपरेटर कोण? माझ्या अहवालात नंबर आहे. मुथुलक्ष्मी.

हे कोइंबतूरच्या इंजिनिअरना मेल केलं, प्रत से. सरांना, प्रत एजन्सीला. अगदी नम्र भाषेत. त्यांनी अर्ध्या तासात उत्तर दिलं: बरोबर आहे, तोच ऑपरेटर लागेल. मनुष्य नियमाचा पक्का दिसतो. आज पहिल्यांदा नियमावर प्रेम बसलं.

संध्याकाळी एजन्सीचा फोन: मुथुलक्ष्मीचं नाव २० तारखेपर्यंत यादीत राहील. फक्त अभ्यासापुरतं. पुढचं निकालावर.

मी जिला चॉकलेट देऊन फसवलं त्याच नंबराने आज तिला आठ दिवस मिळाले. हसू की काय करू.

१६ मार्च, रवि.
हॉस्टेल. गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्यांखाली दहा-बारा मुली, मुथू, जया, तिसऱ्या लाइनच्या. सांगितलं: गुरुवारी घड्याळ येईल. पळू नका. जायचं असेल तर जा. आत लागेल तितका वेळ बसा.

जया म्हणाली, लीडर ओरडेल. दुसरी म्हणाली, लाइनचं नाव खराब होईल, बोनसवर येईल. तिसरी, तो इंजिनिअर पुरुष आहे, बाहेर उभा राहणार, आम्ही आत कशा बसणार? खरं आहे.  एकदा सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि मला काही कळेना. मग मुथू काहीतरी बोलली, हळू, आणि सगळ्या तिच्याकडे वळल्या. जयाला विचारलं, काय म्हणाली? जयाने तोडक्या इंग्रजीत सांगितलं: "मागच्या वेळी मी पळाले. पहिली मी होते. म्हणून तुम्हा सगळ्यांना तीन मिनिटं मिळाली."

मी ओरडलेच. तुझी चूक नाही! माझी आहे! मराठीत ओरडले. कळलं तिला बहुतेक.

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. उतरताना जिन्यात मुथू म्हणाली, "पयमा इरुक्कु." भीती वाटते. मलाही, म्हटलं.

१९ मार्च, बुध.
से. सर: "उद्या तुम्ही लाइनवर थांबू शकता, पण बोलायचं नाही." कबूल. मग दारातून मागे वळून म्हणाले, बंद असलेले दोन संडास आज दुरुस्त करून घेतलेत. डबाही ठेवलाय. माझ्याकडे न बघता म्हणाले. आभार मानले नाहीत. उद्या पाहुणे येणार म्हणून केलं की पान दोनदा वाचलं म्हणून, कोण जाणे.

मूल्यमापनाचं पत्र आलं. 'अपेक्षेपेक्षा कमी.' ठीक.

२० मार्च, गुरु.
लाइनवर उभी राहून लिहितेय, खिशातल्या छोट्या वहीत. बोलायचं नाही म्हणाले, लिहायचं नाही असं नाही म्हणाले.

६.५०. कोइंबतूरचे इंजिनिअर आलेत. साठीच्या आतबाहेर, पांढरा शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच. माझं जसं होतं तसंच. कपडे बदलायच्या जागेपाशी नेमके माझ्याच जागी उभे. मुथू चौदा नंबरवर, आज पहिल्यांदा परत.

७.४०. पहिली गेली, एकवीस नंबर. पळत. परत पळत. तीन मिनिटं. दुसरी, पळत. लीडर डोळ्यांनी हाकतेय. जया गेली, दारापर्यंत जाऊन परत आली, हात ओले. माझ्याकडे बघितलं नाही. तीन मिनिटांच्या आत. सगळं पुन्हा तसंच होणार.  लीडरच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, आणि तिची तरी काय चूक, तीही कधीकाळी याच टेबलावर होती.

८.२५. मुथूने हात वर केला. पाटी खुंटीला होती. जयाने ती तिच्या गळ्यात स्वतः घातली, दोरी सरळ केली.

मुथू पळाली नाही. पट्टी सोडली. कोट काढला, घडी घातली. टोपी. पायांच्या पिशव्या, एक, मग दुसरी. इंजिनिअरनी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती त्यांच्यासमोरून चालत गेली. अजून अशक्त आहे, भिंतीला हात लावत गेली. लॉकरपाशी थांबली. गुलाबी बाटली काढली. उभी राहून पाणी प्यायली, घोट घोट, सगळ्या लाइनला दिसेल असं. मग आत गेली.

८.३०. फलकावर चौदा नंबरासमोर लाल दिवा. लीडर माझ्याकडे बघतेय. मी वहीत.

८.३३. से. सर वरून जिन्यात येऊन उभे आहेत.  चौदा नंबरवर सर्किट बोर्ड साचलेत, जया तिच्या दोन आणि स्वतःच्या दोन अशा चार तारा बसवतेय.

८.३५. इंजिनिअरनी कपाळ पुसलं. कुणाला तरी विचारलं, ती ठीक आहे ना? मग कळल्यासारखे दाराकडे पाठ करून उभे राहिले. घड्याळ चालू आहे.

८.३७. सत्तावीस नंबरने हात वर केला. मग अकराने. मग मागच्या टोकाला आणखी दोघींनी. पाटी नाही, तरी हात वर. खाली घेत नाहीत.

८.३८. मुथू अजून आत आहे.